जंगू उईके नावाचे पीक

मौजे रायझरी, जिल्हा वर्धा, येथील जंगू उईके यास दिनांक अकरा फेब्रुवारी एकोणीसशे पंचावन्न रोजी सकाळी साडेसात वाजता गावच्या नाल्यावर एक बिबट चावला. बिबट चावला याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. कुठे चावला याबद्दलही नव्हते. डाव्या मांडीला चावला. पुढच्या चौदा महिन्यांत आमच्या कार्यालयात जे काही झाले, त्यात एवढ्या दोनच गोष्टींवर सर्वांचे एकमत राहिले, म्हणून त्या आधी सांगून टाकतो.

मी बंडोपंत. वन्यपशू व मनुष्य संबंध शाखेचा हेडक्लार्क. ही शाखा वर्ध्यात, पूर्वी जिथे साहेबाचे घोडे बांधत त्या खोलीत होती. माझ्या नोकरीला तेव्हा तेवीस वर्षे झाली होती आणि तेवढ्या काळात माझ्या टेबलावरून एकही कागद चुकीच्या बाजूला गेला नव्हता. माणसे गेली असतील. माणसांची आवक-जावक मी ठेवत नाही.

घटनेच्या वेळी सदाशिवराव नाल्यापासून चाळीस पावलांवर उभे होते. सदाशिवराव म्हणजे रायझरीचे माजी मालगुजार. मालगुजारी गेली तरी बंदूक राहिली होती, आणि त्या सकाळी ती भरलेल्या अवस्थेत त्यांच्या खांद्यावर होती. जंगू ओरडला, "मालक, मारा!" सदाशिवरावांनी बंदूक खाली ठेवली, कोटाच्या एका खिशातून चष्मा काढला, दुसऱ्या खिशातून बंदुकीचा परवाना काढला आणि वाचायला सुरुवात केली. परवान्यात स्वच्छ लिहिले होते की, सदर बंदूक पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरांविरुद्ध व पिकाच्या रक्षणासाठीच चालवावी. सदाशिवरावांना मोठ्याने वाचायची सवय आहे, त्यामुळे ते जंगूलाही ऐकू आले. बिबटालाही आले असेल.

"जंगू, तू पीक नाई न बाप्पा," सदाशिवराव म्हणाले. "नियमात बसून नाई राह्यला तू."

जंगूला सोडवले त्याच्या बायकोने. रामबाई पाण्याला आली होती. तिने हातातला पितळी गुंड, म्हणजे पाण्याची घागर, दगडावर असा काही बडवला की बिबटाने दचकून तोंड उघडले आणि आतली मांडी बाहेर आली. गुंडाला मोठा पोचा आला.

सदाशिवरावांच्या बैठकीत भिंतीवर अकरा जनावरांची मुंडकी आहेत. ती मारताना परवाना वाचला होता का, असे मी त्यांना पुढे एकदा विचारले. "तवा चष्मा नव्हता," ते म्हणाले.

पाचव्या दिवशी जंगू बैलबंडीत आडवा पडून, पवनारला धाम नदी उतरून, आमच्या कार्यालयात आला. अर्ज एका ओळीचा होता: सदर बिबटास मारावे किंवा मारू द्यावे. अर्जावर रक्ताचा डाग होता. मी त्याला तिथेच झापले. अर्जावर तेलाचा डाग चालतो, शाईचा चालतो, रक्ताच्या डागाला वेगळा शेरा लिहावा लागतो आणि तो शेरा कोणी लिहायचा हे अजून ठरलेले नाही.

"बाबूजी, माह्यी मांडी गेली ते गेली," जंगू म्हणाला. "पन रामबाई रोज त्याच नाल्यावर पान्याले जाते. गावात दुसरं पानी नाई. थो बिबट तेथंच बसून राह्यते. मले चावल्यापासून त्याले मानसाचा धाक नाई राह्यला. आता तिले चावन."

"चावल्यावर अर्ज करता येईल," मी म्हणालो. "चावण्यापूर्वीचा नमुना आमच्याकडे नाही."

प्रकरण साहेबांकडे गेले. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो, त्यामुळे साहेब जबलपूरहून येत आणि मराठी आगगाडीत शिकत. आमचे ओमप्रकाश साहेब इटारसीपर्यंत झोपले होते. त्यांनी अर्ज वाचून विचारले, "बंडोपंत, हा बिबट नरभक्षक आहे क्या? नरभक्षक असेल तर मारू. नहीं तो हत्या होईल."

प्रश्न रास्त होता. नरभक्षक ठरायला नराचे भक्षण व्हावे लागते, आणि नर तर बाहेर बाकावर बसून बिडी ओढत होता. आम्ही सरकारी डॉक्टरांचा दाखला मागवला. त्यांनी बरीच मोजमापे घेऊन लिहिले की बिबटाने संपूर्ण जंगूपैकी अदमासे शंभरावा हिस्सा खाल्ला आहे. आता, सरकारी गणितात अर्ध्याखालचा अपूर्णांक सोडून देतात. त्याप्रमाणे मी सोडून दिला आणि बिबटाने जंगूला शून्य खाल्ले अशी नोंद केली.

"शून्य खाल्लं, मंग मी लंगडून काऊन राह्यलो?" जंगूने विचारले.

"त्याचा वेगळा अर्ज करा," मी म्हणालो.

एव्हाना बातमी वर्ध्यात पसरली. माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराला मारावे की मारू नये, यावर सभा भरली. सभेत ज्यांच्या घरापासून जंगल चाळीस मैलांवर होते ते एका बाजूला आणि ज्यांच्या घरापासून पन्नास मैलांवर होते ते दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली. सर्वांत प्रभावी बोलले ते बोरगाव मेघ्याचे मधुकरराव. मधुकरराव सभेत सतत टकळीवर सूत काततात आणि कोणत्याही प्रश्नावर धागा तुटू न देता बोलतात.

"बिबटाला मारणे सोपे आहे," ते म्हणाले. "पण आपण त्याच्या हृदयाला हात घातला आहे का? त्याची बाजू ऐकली आहे का? जंगू नाल्यावर गेला, की नाला जंगूवर आला? आक्रमण प्रथम कोणी केले?" टाळ्या पडल्या. भाषण चालू असताना त्यांनी मानेवरचे चार डास मारले, परंतु ते अजाणता.

साहेबांना भाषण आवडले. त्यांना त्यातले अर्धे कळले होते आणि ते अर्धे लांबणीवर टाकण्याबद्दलचे होते. बिबटाची बाजू ऐकायची ठरली. मी नोटीस काढली की सदर बिबटाने समक्ष अथवा प्रतिनिधीमार्फत हजर राहून म्हणणे मांडावे. कोतवालाने ती नाल्यावरच्या झाडाला खिळ्याने ठोकली आणि मागे न पाहता पळत परत आला. दुसऱ्या दिवशी पंचांनी दुरून पाहिले तो नोटिशीखाली खोडावर नखांचे ताजे ओरखडे होते. ते मी "नोटीस पोचली, सही अस्पष्ट" असे नोंदवून घेतले.

पहिल्या तारखेला बिबट आला नाही. पुढची तारीख पडली. त्यालाही आला नाही. बिबट गैरहजर म्हणून त्याला तारखा मिळत गेल्या, आणि जंगू हजर म्हणून त्याला प्रत्येक तारखेला यावे लागले. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

दिवाळीनंतर एके दिवशी रामबाई स्वतः आली. डोक्यावर तोच गुंड. तो आता गुंड आहे हे सांगावे लागत होते, इतके त्याला पोचे पडले होते. तिने तो माझ्या टेबलावर, आवक रजिस्टरवर ठेवला.

"मोजा," ती म्हणाली. "येक पोचा म्हंजे येक दिस. जातानी गुंड बडवत जातो, येतानी बडवत येतो. अर्ध पानी सांडते. काल थो बिबट पाच हातांवर बसून माह्याकडे पाहून राह्यला होता. बाबूजी, तुमी येक दिवस चाला माह्यासंगं पान्याले. येकच दिवस."

"मला दौरा मंजूर नाही," मी म्हणालो.

तिने गुंड उचलला, पदराने रजिस्टरवर सांडलेले पाणी पुसले आणि गेली. मला मनापासून वाईट वाटले. खोटे सांगत नाही, चहा अर्धा तसाच राहिला. वाईट वाटले की मी नियमांचे पुस्तक उघडतो. त्या दिवशीही उघडले, आणि त्यात मला रस्ता दिसला.

बंदूक पिकासाठी चालते. पण पीक म्हणजे काय, हे नियमात कुठेच दिलेले नव्हते! मी विचार करू लागलो. पीक म्हणजे जे जमिनीवर उभे असते, ऊन-पाऊस अंगावर घेते, आणि तयार झाले की दुसऱ्याच्या कामी येते. मी खिडकीतून बाहेर पाहिले. जंगू तारखेसाठी उभा होता.

पटवारी तानबाला मी बोलावून घेतले. तानबा मोठा कामसू माणूस. लिहा म्हटले की लिहितो. त्याने पिकाच्या खसऱ्यात रकाने भरले. पीक: जंगू. पेरणी: अदमासे सन एकोणीसशे दहा. ओलीत की कोरडवाहू: कोरडवाहू. कीड: बिबट, डाव्या बाजूस. रामबाईचे काय करावे असा पेच पडला, पण तानबाने तोही सोडवला. आपल्याकडे पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींत तूर घेतात, त्या धर्तीवर त्याने तिला जंगूमधील आंतरपीक म्हणून दाखवले.

"मी तूर?" हे कळल्यावर रामबाई कडाडली. "आन हा मानूस पराटी? इचारा त्याले, घरातली सारी वेचनी कोन करते!"

"चूप राह्य," जंगू म्हणाला. "तूर म्हनू दे नाईतं वांगं म्हनू दे. बिबट मरू दे पहिले."

एक अडचण राहिली. परवाना सदाशिवरावांच्या स्वतःच्या वावरातल्या पिकापुरता होता, आणि जंगू त्यांच्या वावरात उगवलेला नव्हता. म्हणून जंगूने रोज सकाळी सदाशिवरावांच्या नाल्याकाठच्या वावरात जाऊन उभे राहावे असे ठरले. पीक उभे आहेच तर, सदाशिवरावांनी त्याच्याकडून निंदणही करून घेतले. उभे पीक वावराच्या मालकाचे की पिकाचे स्वतःचे, असा तोंडी प्रश्नही त्यांनी मला केला. मी लेखी मागितला.

आता गोळी झाडायला हरकत नव्हती. मी आदेश टाईप करून साहेबांपुढे ठेवला. साहेब मराठीत नवे होते पण कच्चे नव्हते. "गोळी के पहले पीक देखना पडेगा," ते म्हणाले. "पीक किती आण्याचं आलं, देखे बिना सही कैसे करू?"

अशा रीतीने पाहणी ठरली. एप्रिलातल्या एका सकाळी साहेब, मधुकरराव, तानबा आणि मी सदाशिवरावांच्या वावरात पोचलो. मांडव घातला होता, टेबल होते, सतरंजी होती, टेबलावर माझी दौत आणि प्रकरणाची फाईल होती. फाईल चौदा महिन्यांत चांगली दीड वीत जाड झाली होती. जंगूच्या रक्ताळलेल्या धोतराचा तुकडा पुरावा म्हणून तिला शिवलेला होता. त्या तुकड्याला अजून वास होता. मी नाकाला रुमाल लावून टिपण्या लिहीत असे.

जंगू वावराच्या मधोमध उभा होता. साहेबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. तानबाने त्याचा दंड दाबून पाहिला.

"वाढ बरी आहे साहेब," तानबा म्हणाला. "पन खालून किडलं."

"बारा आणे लिखो," साहेब म्हणाले. मधुकरराव टकळी फिरवत म्हणाले की पिकाला बोलते करून त्याची भावना जाणून घ्यावी. एवढ्यात नाल्याकडून बिबट आला.

वावराच्या बांधावर एकच झाड होते आणि ते बाभळीचे होते. त्यावर आम्ही चौघे कसे चढलो हे मला सांगता येणार नाही. काटे मात्र पुढे आठवडाभर निघत होते. मी सर्वांत वर होतो. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांच्या वर जाण्याचा हा एकमेव प्रसंग. सदाशिवराव झाडाखाली बंदूक काखेत धरून चष्मा शोधत होते. जंगूला पळता येत नव्हते. बिबट त्याच्यापासून वीस हातांवर थांबला आणि पोट जमिनीला टेकवून बसला.

"मालक, मारा!" जंगू ओरडला. "आता तं मी पीक आहो!"

"साहेब, पाहनी झाली का जी?" सदाशिवरावांनी वर बघून विचारले.

"पाहणी झाली, दस्तखत बाकी है!" साहेब ओरडले. "कागद टेबल पे है!"

टेबल मांडवात होते आणि मांडव बिबटाच्या पलीकडे होता. बिबट दहा हातांवर आला. मी डोळे मिटले. तोच आवाज ऐकू आला: ठण्, ठण्, ठण्. डोळे उघडले तो रामबाई नाल्यावरून गुंड बडवत, केस मोकळे सुटलेले, सरळ बिबटाच्या अंगावर पळत येत होती. मी आजवर कोणत्याही अधिकाऱ्याला कामावर अशा वेगाने येताना पाहिलेले नाही.

बिबट वळला, उडी मारून मांडवात शिरला आणि टेबलावर चढला. तिथे त्याला ओळखीचा वास आला. त्याने फाईल हुंगली, धोतराच्या तुकड्याच्या बाजूने तोंडात धरली आणि दात रोवले.

"अरे! सरकारी रेकॉर्ड!" साहेब असे किंचाळले की बाभूळ हलली. "गोळी मारो! मारो गोळी!"

"मारा! डोक्यात मारा!" मधुकरराव ओरडले. त्यांची टकळी खाली पडली आणि धागा तुटला.

सदाशिवरावांनी चष्म्याविना, परवान्याविना, तत्काळ गोळी झाडली. ती माझ्या दौतीला लागली. बिबट फाईल तोंडात घेऊन, लाल फीत मागे फरफटत, नाल्यापलीकडे निघून गेला.

आम्ही उतरलो. जंगू अजून उभाच होता. पाहणी संपल्याचे त्याला कोणी सांगितले नव्हते. रामबाई त्याच्या पायाशी बसून रडत होती आणि एका हाताने त्याची चांगली मांडी चाचपत होती.

चौदा महिन्यांत जे झाले नाही ते दुसऱ्या दिवशी अकरा वाजायच्या आत झाले. बिबटास दिसताक्षणी ठार करावे, असा मसुदा तयार झाला. त्यावर पहिली सही मधुकररावांनी, कार्यालयाशी संबंध नसताना, आपण होऊन केली. "हृदयपरिवर्तनाचा मार्ग माणसाला चावल्यास आहे," ते म्हणाले. "अभिलेखाला चावल्यास नाही."

चूक माझ्या लक्षात आली. आदेशावर फाईलचा क्रमांक घालावा लागतो. क्रमांक फाईलवर होता आणि फाईल बिबटाजवळ होती. शिवाय बिबटाला गोळी घातली आणि ती फाईलला लागली, तर जबाबदार कोण? साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. दुपारी सुधारित आदेश निघाला. तो मीच लिहिला आणि तो माझ्या उत्तम मसुद्यांपैकी एक आहे: सदर बिबटाच्या ताब्यात शासकीय अभिलेख असल्याने त्यास गोळी, काठी, दगड अथवा अन्य कोणत्याही साधनाने इजा करू नये, त्यास भिववू नये, आणि तो अभिलेखासह दूर निघून जाऊ नये यासाठी नाल्यावर भांडी बडवू नयेत.

आदेश वाचून दाखवला तेव्हा जंगू आणि रामबाई माझ्या टेबलापुढे उभे होते. रामबाईने गुंडाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मला खिडकीबाहेर पाहावेसे वाटले आणि मी पाहिले. जंगूने माझ्या हातातल्या आदेशाकडे बोट दाखवले.

"बाबूजी," तो म्हणाला, "म्हंजे त्याच्यापाशी कागद आहे म्हून त्याले कोनी हात लावू शकत नाई?"

"बरोबर."

"मले चावल्या गेलं तवा माह्यापाशी कागद नव्हता."

"नव्हता."

"कागद कोनता, याले काई महत्त्व?"

"कोणताही चालतो. सरकारी हवा. शिक्का हवा."

"मंग येक मले द्या," जंगू म्हणाला, "आन येक तिले."

चौदा महिन्यांत त्याने केलेली ही पहिलीच मागणी, जी मला नियमात पूर्ण करता येत होती. रद्दीच्या कपाटातून मी दोन कागद काढले. एक गुरांना लस टोचण्याचे जुने परिपत्रक होते, दुसरे सरकी साठवण्याबाबतचे. दोन्हींवर गोल शिक्का मारला. जंगूने आपला कागद मांडीला बांधला. रामबाईने कमरेला खोचला, पण तिची शंका गेली नव्हती.

"बिबटाले वाचता येते का?" तिने विचारले.

"येते न," जंगू म्हणाला. "त्याले नोटीस गेलती. पोचली म्हून बाबूजीनं लिवलं आहे."

महिन्याभरात सारी रायझरी येऊन कागद घेऊन गेली. सदाशिवराव दोन घेऊन गेले. पुढे नोव्हेंबरात जिल्हा मुंबई राज्यात गेला, साहेब जबलपूरला परतले, आणि बिबट कोणत्या राज्याकडे वर्ग झाला ते मला माहीत नाही. त्यानंतर रायझरीत बिबट कोणाला चावल्याची नोंद नाही. नोंदीची फाईल बिबटाकडे आहे.

हे वाचून तुम्हाला हसू आले असेल. रायझरीची माणसे अडाणी, मांडीला परिपत्रक बांधून पाण्याला जातात, वगैरे. हसा. फक्त एवढे आठवून पाहा, आज घरातून निघताना उंबऱ्याशी थांबून तुम्ही अंगावर काय चाचपलेत? दाखला आहे ना, पास आहे ना, ओळखीची चिठ्ठी आहे ना. मांडी जागेवर आहे का, हे कोणी पाहिले होते?

नसेल पाहिले तर आता पाहा. आणि नसली जागेवर, तर अर्ज घेऊन या. डाग पाडू नका.